टंकीच्या मैदानाची संध्याकाळ

माझी पहिली शिट्टी कुणालाच ऐकू गेली नाही. आंतरमहाविद्यालयीन सामना चालू होता. माझ्या डोळ्यांदेखत एका खेळाडूने चेंडूला हात लावला आणि मी नियमाप्रमाणे शिट्टी ओठांत धरून फुंकर घातली. बावीसही जण खेळतच राहिले. जवळून धावणारा एक बचावपटू तेवढा थबकला आणि अत्यंत अदबीने विचारू लागला, "सर, बजाई क्या आपने?" मी होकारार्थी मान हलवली. तेव्हा त्यानेच दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "रुको रे, सर ने बजाई है!" आणि खेळ थांबला.

त्या वेळी मी बेचाळीस वर्षांचा होतो. पेशाने ग्रंथपाल. 'हळू बोला' यापलीकडे कुणालाही आज्ञा देण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. फुटबॉल शाळेनंतर खेळलो नव्हतो, आणि शाळेतही बहुतेक काळ राखीव खेळाडूंतच बसलो होतो. परंतु महाविद्यालयाच्या ग्रंथालयात फुटबॉलच्या नियमांचे पुस्तक आले, त्याला वर्गांक देण्यापुरते चाळायला घेतले आणि आवडले म्हणून दोनदा वाचून काढले. नेमलेला पंच ऐन वेळी आला नाही, तेव्हा आमच्या क्रीडाशिक्षकांनी जाहीर केले की देवधरांना नियम तोंडपाठ आहेत. मी नाही म्हणायला हवे होते. मला कुणालाही नाही म्हणता येत नसे, हीच पंचगिरीसाठी माझी सर्वांत मोठी अपात्रता होती, आणि तिच्याच जोरावर मी पंच झालो.

पुढे पंचांची रीतसर परीक्षा दिली. लेखी परीक्षेत पहिला आलो आणि धावण्याच्या परीक्षेत शेवटचा. तरीही उत्तीर्ण झालो, आणि गुडघ्यांनी नकार देईपर्यंत भोपाळच्या मैदानांवर शिट्टी वाजवत राहिलो. या दिवाळी अंकासाठी ग्रंथालयातील नोकरीविषयी लिहावे, असे मला सुचवण्यात आले होते. परंतु त्या नोकरीत मला कुणी एकदाही शिवी दिली नाही, त्यामुळे लिहिण्याजोगे फारसे हाती लागेना.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पंच चेंडूच्या मागे धावत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ मनाशी आखून तो तिच्या आसपास फिरत राहतो, जेणेकरून खेळ त्याच्या आणि एका रेषापंचाच्या मधे राहावा. शिट्टीचेही शास्त्र आहे. किरकोळ चुकीला आखूड, दांडगाईला लांब. शिट्टी घाबरून वाजवली तर ते सर्वांना तत्काळ कळते. आणि वेळ ही संपूर्णपणे पंचाची जबाबदारी असते. मैदानावर घड्याळ एकच खरे, ते म्हणजे त्याच्या मनगटावरचे. जुन्या पंचांकडून मी एक पद्धत शिकलो होतो. प्रत्येक डाव सुरू होताना मनगटी घड्याळाचे काटे बारावर आणून ठेवायचे, म्हणजे किती मिनिटे झाली ते एका दृष्टिक्षेपात दिसते. खेळ थांबला की घड्याळाची चावी बाहेर ओढायची, काटे थांबतात. खेळ सुरू झाला की चावी आत दाबायची. इतके साधे काम आहे.

प्रेक्षक मात्र साधे नसत. जुन्या शहरातील एक वयोवृद्ध चाचा घरून घडीची खुर्ची घेऊन येत आणि बरोबर मध्यरेषेशी बसत. त्यांनी मला कधीही 'तू' म्हटले नाही. पहिल्याच सामन्यात मी एक ढकलाढकली दुर्लक्षिली, तेव्हा ते खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, "जनाब, अल्लाह ने दो आँखें अता की हैं, किसी एक का तो इस्तेमाल फ़रमाइए." पुढे ते दर सामन्यानंतर मला चहा पाजत आणि कपबशी हातात देताना माझ्या चुका अनुक्रमाने सांगत. ते गेले तेव्हा मध्यरेषेकडे पाहणे मला काही महिने जड गेले.

एक विद्यार्थीही आठवतो. त्याला मी ऑफसाइड दिले, त्याने हुज्जत घातली, मी लाल कार्ड दाखवले. दुसऱ्या दिवशी तो ग्रंथालयात आला, नियमांचे तेच पुस्तक मागून घेतले, पान उघडले आणि माझ्यासमोर ठेवले. चेंडू थ्रो-इनवरून थेट आलेला असेल तर ऑफसाइड होत नाही. मी हे दोनदा वाचलेले होते. "तुझे बरोबर आहे, माझी चूक झाली," असे मी त्याला सांगितले आणि निलंबन रद्द करण्याविषयी समितीला पत्रही लिहिले. त्या प्रामाणिकपणाचा मला पुढे बराच अभिमान वाटत असे. आज वाटतो त्याहून जास्त. त्या दिवशी ग्रंथालयात आम्ही दोघेच होतो, त्यामुळे कबुली सोपी गेली.

जी सोपी गेली नाही तिच्याविषयी लिहायला बसलो आहे.

नेहरू नगर आणि कोटरा यांच्यामध्ये पाण्याच्या टाकीला लागून एक मैदान आहे. दोन्हीकडचे लोक त्याला टंकीवाला मैदान म्हणतात. फुटबॉल खेळण्याजोगी जागा त्या भागात तेवढीच, आणि संघ दोन. त्यामुळे फार पूर्वी कुणीतरी एक रिवाज घालून दिला होता. थंडीत एका रविवारी दोन्ही संघांनी सामना खेळायचा. जो जिंकेल त्याला पुढील वर्षभर मैदानाची संध्याकाळ. जो हरेल त्याने सकाळी खेळायचे. चषक नाही, हार नाहीत, संध्याकाळ हेच बक्षीस. पंच तिसऱ्या वस्तीतला असावा, असाही रिवाज होता. मी अरेरा कॉलोनीत राहत असल्याने मला बोलावणे आले. दोन रेषापंच मात्र दोन्ही संघांनी एकेक द्यायचे.

लागोपाठ तीन वर्षे नेहरू नगर जिंकले होते. त्यांचे प्रशिक्षक विलास करमरकर. मूळचे उज्जैनचे, बँकेत अधिकारी, गणेशोत्सवात माझ्या शेजारी उभे राहून आरतीत वरचा सूर लावणारे. कोटऱ्याचा कर्णधार नासिर. पस्तिशी ओलांडलेला, मंडीदीपच्या एका कारखान्यात फिटर, मधल्या फळीत खेळणारा. त्याच्या संघातील सहा-सात जण त्याच्याच पाळीला जात. पहाटे साडेचारला उठून कारखान्याची बस पकडायची, दुपारी परतायचे. सकाळचे मैदान त्यांच्या काय कामाचे?

सामन्याआधी मी गोलजाळी तपासत असताना नासिर जवळ आला.

"को खां साहब, सब दुरुस्त?" 'को खां' म्हणजे भोपाळी 'काय राव'.

"हो, ठीक आहे सगळे," मी म्हणालो. भोपाळात जन्म काढून माझे हिंदी अजून संकोची आहे. अशा वेळी मराठीच तोंडात येते. नासिरला ते चालत असे.

"साहब, एक बात कहूँ, बुरा मत मानना. सिफ़ारिश नहीं है." त्याने जाळीची एक गाठ उगाच ओढून पाहिली. "तीन साल से हमारे लड़के सुबह का मैदान छोड़ के सड़क पे खेल रहे हैं. इस बार भी सुबह मिली तो टीम ख़तम समझो. आधे तो बोल चुके, भाई, अब कैरम खेलेंगे."

मी जाळीची दुसरी गाठ तपासू लागलो. पंचाने अशा बोलण्याला उत्तर देऊ नये. परंतु ते वाक्य मी मैदानात बरोबर घेऊन गेलो, हे मला इथे नमूद केले पाहिजे.

सामना ठरल्यापेक्षा वीस मिनिटे उशिरा सुरू झाला, म्हणजे वेळेवरच म्हणायचे. प्रत्येकी चाळीस मिनिटांचे दोन डाव. पहिल्या डावात नेहरू नगरने कॉर्नरवरून गोल केला. करमरकरांनी हातातील वही हवेत उडवली. दुसऱ्या डावात कोटऱ्याने चेंडू सतत पुढे ठेवला. पण नेहरू नगरच्या गोलरक्षकाच्या हाताला त्या दिवशी जणू डिंक लावला होता. रेषेबाहेरून दोन्ही वस्त्यांचा उद्धार चालला होता. "अबे नासिर, बस छूट जाएगी तेरी!" असे नेहरू नगरकडून आले की, "पहले अपने गोली को पतलून दिलाओ!" असे कोटऱ्याकडून त्या गोलरक्षकाच्या नावाने जाई.

दुसऱ्या डावाच्या अठ्ठाविसाव्या मिनिटाला मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अज़ान झाली. त्या मैदानाचा आणखी एक रिवाज असा की अज़ान झाली की खेळ थांबायचा. त्याच सुमारास नेहरू नगरच्या मंदिरात आरतीची घंटाही वाजू लागे, त्यामुळे ही सुट्टी कुणा एकाची मानली जात नसे. ज्यांना नमाज़ पढायची ते टाकीमागे जात, बाकीचे पाणी पीत. सात मिनिटे, दहा मिनिटे, सगळे परतेपर्यंत. मी घड्याळाची चावी बाहेर ओढली. काटे बारा वाजून अठ्ठावीसवर थांबले.

सगळे परतले. मी चेंडू हातात घेतला. अशा थांब्यानंतर पंचाने चेंडू खाली सोडून खेळ सुरू करायचा असतो. तेवढ्यात चेंडू आपल्यालाच मिळावा म्हणून नासिर आणि नेहरू नगरचा आघाडीवीर छातीला छाती भिडवून उभे राहिले. कुणीतरी कुणाच्या आईचा उल्लेख केला. मी मधे शिरलो, दोघांना दूर केले, ताकीद दिली, चेंडू सोडला आणि उलट पावली धावत सुटलो. थोड्या वेळाने घड्याळ पाहिले. अठ्ठावीस. अजून बराच वेळ आहे, असे वाटले. एक कॉर्नर झाला, एक गोलकिक झाली, नासिरचा एक फटका खांबाला लागून परतला. पुन्हा पाहिले.

अठ्ठावीस.

चावी बाहेरच होती.

मी ती दाबली. काटे चालू लागले. परंतु मधली किती मिनिटे निसटली होती ते सांगणारे काहीच माझ्याजवळ नव्हते. दुसरे घड्याळ बाळगावे, असे परीक्षेत मी स्वतः लिहिले होते. ते घरी टेबलाच्या खणात होते. रेषापंचांना विचारावे, तर एक कोटऱ्याचा, एक नेहरू नगरचा. ज्याला विचारीन तो आपल्या वस्तीच्या सोयीचे सांगेल, आणि दुसऱ्या क्षणी साऱ्या मैदानाला कळेल की पंचाला वेळ माहीत नाही. प्रेक्षकांपैकी निम्मे ओरडत होते, "टाइम हो गया रेफ़री!" उरलेले ओरडत होते, "अभी बहुत है!" दोन्ही बाजूंचा हिशेब त्यांच्या त्यांच्या गोलांवर चालला होता. खेळ थांबवून दोन्ही कर्णधारांना बोलवावे आणि खरे सांगावे, हा मार्ग होता. तो मला त्याच क्षणी सुचला, हेही सांगितले पाहिजे. सुचला आणि धीर झाला नाही.

मी मनाशी सहा मिनिटे धरली. सहाच का, याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही. म्हणजे चाळीसातून सहा वजा करून घड्याळात चौतीस मिनिटे झाली की सामना संपवायचा. चौतीस झाले तेव्हा चेंडू नासिरच्या पायात होता. उजेड इतका कमी झाला होता की पिवळे आणि निळे शर्ट सारखेच राखाडी दिसत होते. हा हल्ला संपू द्यावा, असे मी ठरवले. नासिरने चेंडू डावीकडे दिला, तिथून तो उंच आला, आणि गोलसमोरच्या घोळक्यातून कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. गोल झाला. कोटऱ्याच्या बाजूचे लोक मैदानात आले. त्यांना बाहेर काढून मी मध्यावर चेंडू ठेवला, एक पास होऊ दिला आणि तीनदा शिट्टी वाजवली. ती मात्र सर्वांना ऐकू गेली.

करमरकर माझ्यापर्यंत धावत आले. "अहो देवधर, वाढीव मिनिटं किती दिलीत? पक्कं सांगा मला."

"जेवढी वाया गेली तेवढी," मी म्हणालो.

माझ्या पंचगिरीतील ते एकमेव धडधडीत खोटे. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, वही काखेत मारली आणि मागे सरले. कारण मी देवधर होतो, नियम तोंडपाठ असलेला.

मग नवाच पेच उभा राहिला. हा सामना कधी बरोबरीत सुटलाच नव्हता, त्यामुळे बरोबरी झाल्यास संध्याकाळ कुणाची, हे रिवाजात नव्हते. जादा वेळ खेळवायला उजेड नव्हता. "बोलो साहब, मैदान किसका?" नासिरने विचारले. करमरकर म्हणाले, "मागच्या वर्षी आम्ही जिंकलो, म्हणजे आमचंच कायम. सीधी बात आहे." गर्दी जवळ आली. मी इतक्या हळू बोललो की मागच्यांना पुढच्यांकडून विचारून घ्यावे लागले. "दोघांची. सोमवार, बुधवार, शुक्रवार कोटरा. मंगळवार, गुरुवार, शनिवार नेहरू नगर."

"और इतवार?" मागून कुणीतरी ओरडले.

"इतवार को आपस में लड़ लेना," नासिर म्हणाला, आणि लोक हसले. त्या हशातच तो निकाल मंजूर झाला. पुढच्या वर्षी सामना झाला, नेहरू नगर तीन गोलांनी जिंकले. पण तोवर दोन्हीकडच्यांना वारांची सवय झाली होती. संध्याकाळ परत मागण्याचा विषय कुणी काढला नाही. करमरकरांना काढता आला असता. त्यांनीही काढला नाही. नासिरचा संघ टिकला. त्याने पुढे स्वतः खेळणे थांबवले आणि मुलांना शिकवू लागला.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि होत असे. मात्र प्रत्येक वेळी त्या आनंदाला एक टाचणी टोचे. त्या संध्याकाळी घड्याळाने मला फसवले, की नासिरचे बोलणे मनात असल्याने मीच घड्याळाचा आडोसा घेतला? सहाऐवजी आठ मिनिटे धरली असती तर गोल होण्यापूर्वीच सामना संपला असता. करमरकरांकडे गणपतीत जाताना मी आरतीला शक्यतो दुसऱ्या रांगेत उभा राहू लागलो.

हा लेख लिहायचे ठरले तेव्हा आधी त्यांना सांगणे भाग होते. गेल्या महिन्यात नेहरू नगरला त्यांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले आहेत. गुडघे त्यांचेही गेले. मी सर्व सांगितले. त्यांनी चहा खाली ठेवला. नंतर आवाज चढवून म्हणाले, "म्हणजे मी बरोबर विचारत होतो! माझ्या पोरांनी मला सांगितलं होतं, सर, टाइम हो गया था. मी त्यांना गप्प बसवलं. म्हटलं, देवधर आहेत, पागल झालात का?"

"माझे चुकले," मी म्हणालो.

"चुकलंच." ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "पण मला एक सांगा. सहा मिनिटं तुम्ही अंदाजानं धरलीत ना? ती चारच असतील तर?"

"तर?"

"तर सामना तुम्ही लवकर संपवलात. तेव्हा जोर त्यांचाच होता. आणखी एक गोल बसला असता आमच्यावर." ते माझ्याकडे पाहत राहिले. "नासिरला सांगितलंत का हे?"

नव्हते सांगितले. इतकी वर्षे मी अपराध केवळ नेहरू नगरचा केला, असे धरून चाललो होतो. कोटऱ्याचे मी भलेच केले, या समजुतीला मी मनात कुठेतरी जपलेही होते. वजाबाकी दोन्ही बाजूंनी करून पाहावी, हे गणित मला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो. मंगळवार होता, नेहरू नगरची मुले खेळत होती. नासिर टाकीच्या ओट्यावर बसून त्यांचा खेळ पाहत होता. दाढी पांढरी झाली आहे. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सांगितले. हे सारे सांगताना मी हिंदीतच बोललो, हे नंतर लक्षात आले.

त्याने पूर्ण ऐकून घेतले. "मतलब, हम जीत भी सकते थे?"

"हो सकता है."

"और हार भी सकते थे?"

"वह भी."

"करमरकर भाई को बताया?"

"कल बताया. उन्होंने ही कहा, नासिर से भी कहो."

तो मैदानाकडे पाहू लागला. नेहरू नगरच्या एका मुलाने चेंडू टाकीच्या दिशेने उडवला. नासिरने बसल्या जागेवरून पायाने तो परत पाठवला आणि ओरडला, "अबे, सर उठा के पास दे!" त्यांचा दिवस असूनही तो त्यांना शिकवत होता आणि कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते.

"हारते तो यह टीम नहीं रहती," तो हळूच म्हणाला. "और जीत जाते, तो ये लड़के सुबह-सुबह ठंड में आते या कहीं और चले जाते." मग माझ्याकडे वळून, "आप यह सब लिखने वाले हैं?"

"हो. मराठीत, दिवाळी अंकासाठी."

"मराठी में? अमां, फिर तो बेफ़िक्र लिखिए. हमारे लड़के पढ़ नहीं पाएँगे, और करमरकर भाई के लड़के पढ़ेंगे नहीं." तो मनापासून हसला. मग हसू आवरून त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "घड़ी का भी लिखिए, डर का भी लिखिए. बस साहब, स्कोर मत छेड़िएगा. कल बुधवार है, हमारे बच्चे चार बजे से आ जाते हैं."

करमरकरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. नासिरचे म्हणणे ऐकून ते म्हणाले, "ठीक आहे. तेच लिहा."

म्हणून पंच या नात्याने, आणि या वेळी कुणालाही न घाबरता, नोंद करतो : कोटरा एक, नेहरू नगर एक.